डावीकडचा ब्रेक

१

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात आज जेवढी माणसं स्टिअरिंग धरून बसतात, त्यातली निम्मी आपल्या हाताखालून गेली, असं हिरामण मास्तर छाती काढून सांगायचा. ऐकणारा जरा दबला की लगेच स्वतःच्याच फुग्याला टाचणी लावायचा, "उरलेली निम्मी पण आली होती रे. पहिल्याच दिवशी उतरून पळाली."

दोन्ही खरं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतला मास्तर नव्हे. शाळेशी त्याचं चौथीतच फाटलं होतं. उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या नाक्यावर गाद्यांच्या दुकानाच्या माळ्यावर त्याचं मोटार शिकवायचं स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक टेबल, रस्त्याच्या खुणांचा एक पिवळा पडलेला तक्ता, आणि खाली रस्त्याच्या कडेला एक फियाट. फियाट इतकी जुनी होती की तिचा मूळ रंग कोणता यावर नाक्यावर पैजा लागत. दारं दोनदा आपटावी लागत. हॉर्न सोडून सगळं वाजतं, हा सगळ्या जुन्या गाड्यांवरचा विनोद हिच्यावर करता येत नव्हता, कारण हॉर्न मात्र खणखणीत होता. हिरामण तिला मावशी म्हणायचा.

शिकवायच्या गाडीत पायाशी पेडलांचे दोन संच असतात. उजवीकडे शिकणाऱ्याच्या पायाशी क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर. डावीकडे शिकवणाऱ्याच्या पायाशी नुसते क्लच आणि ब्रेक. खालून दोन्ही बाजू लोखंडी दांड्यांनी जोडलेल्या. एकानं दाबलं की दुसऱ्याकडचं पेडलही आपोआप खाली जातं. शिकणारा गोंधळला तर मास्तरनं गाडी आवरावी, एवढ्यासाठी ही सोय.

हिरामणनं त्या सोयीचा तमाशा केला होता. नवा गडी जरा रंगात आला, एका हातानं केस मागे सारायला लागला, की हा खिडकीबाहेर कोपर काढून, दुसरीकडेच बघत, अलगद ब्रेक दाबायचा. गाडी थांबायची. गड्याचे डोळे पांढरे.

"मास्तर, तुम्ही दाबला?"

"मी कशाला दाबू? मावशीला राग आला. सकाळी नमस्कार केला होतास?"

कापडवाले एक सिंधी शेठ महिनाभर रोज बॉनेटला हात जोडून मगच गाडीत बसत होते. "मास्टर साईं, आज मौसी का मूड कैसा है?" असं आधी विचारत. लायसन मिळालं त्या दिवशी त्यांनी बॉनेटवर पेढ्यांचा पुडा ठेवला. हिरामणनं तो मावशीच्या वतीनं खाल्ला.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नव्हती. अंजनीला, म्हणजे बायकोलाही नाही. दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. जवळचं ठीक दिसायचं. पण दूरवर, उन्हात, पांढरी वस्तू पांढऱ्या रस्त्यात विरघळून जायची. लायसनच्या डॉक्टरी तपासणीला त्यानं बाकावर बसून पुढच्या माणसाची इंग्रजी अक्षरं ऐकली आणि आरतीसारखी पाठ केली. आत गेल्यावर धडाधड म्हणून टाकली. डॉक्टरांचं बोट चौथ्या ओळीवर होतं तेव्हा हा सहावीत पोचला होता. डॉक्टरांना वाटलं, माणूस घाईत आहे.

ऑपरेशन करून घ्यायला हरकत नव्हती. पण त्याच्या थोरल्या भावाचा एक डोळा ऑपरेशननंतर गेला होता तो गेलाच. आणि डोळे दाखवायचे म्हणजे गाडी सोडायची. गाडी सोडली की हिरामणचं काय उरत होतं? एक माळा आणि एक पिवळा तक्ता.

म्हणून तो गप्प होता. बाकी सगळीकडे तोंडाचा पट्टा, आणि या एका बाबतीत मौनव्रत.

२

एक्क्याण्णव सालचा मार्च. सकाळचे सात. हिरामण अंबरनाथच्या घरून एकटाच कॅम्प चारकडे निघाला होता. रोजचा रस्ता, रोजचे खड्डे, रोजच्या शिव्या. एकटा असला की तो अर्थातच उजवीकडे बसायचा. डाव्या सीटवर जेवणाचा डबा.

वाटेत गॅसच्या गोदामापाशी वळण आहे. तिथं त्यानं ब्रेकवर पाय ठेवला, आणि पाय खाली पोकळीत गेला. जिना उतरताना एक पायरी जास्त मोजली की होतं, अगदी तसं. पेडल त्याच्या पायाच्या आधीच खाली गेलेलं होतं.

गाडी थांबली. हिसका नाही, चाकांची किंकाळी नाही. आधी जरा आवरली, मग आणखी जरा, मग उभी राहिली. "ब्रेक कसा मारायचा? लोण्यावर पाय ठेवल्यासारखा," असं तो गेली चोवीस वर्षं घसा फोडून सांगत होता आणि कुणाला जमत नव्हतं. आज ते कुणाला तरी जमलं होतं.

समोर रस्ता मोकळा. निदान त्याला तरी मोकळा दिसला.

त्यानं खाली पाहिलं. ब्रेक वर आला. क्लच मात्र अजून खालीच होता.

ड्रायव्हरचं डोकं आधी यंत्राकडे धावतं. ब्रेक चिकटला असणार, जुनी गाडी, चालायचंच. असं म्हणून त्यानं गिअर टाकायला हात नेला, तर गाडी गिअरमध्येच होती. इंजिन चालू होतं. गाडी गिअरमध्ये असताना ब्रेक लागून उभी राहिली, तर इंजिन गचका खाऊन बंद पडतं. ते पडू नये याला एकच उपाय असतो : वेळेवर क्लचही दाबायचा. आणि चिकटलेल्या ब्रेकला क्लचची अक्कल नसते.

हिरामणनं डावीकडे पाहिलं. डबा सरकला होता. ब्रेक लागला की डबा सरकणारच, त्यात काय. फक्त तो पुढं पडायला हवा होता. तो बाजूला, दाराकडे गेला होता. आपण सीटवर बसताना हातानं सामान जरा पलीकडे सारतो, तसा.

"शाबास!" हिरामण मोठ्यानं म्हणाला आणि हसला. त्याला वाटलं, कुणीतरी आपल्याला बनवलं. चोवीस वर्षांचं उसनं कधीतरी फेडणारा भेटणारच होता.

डबा त्यानं मागच्या सीटवर ठेवला. का ठेवला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

३

बनवणारा असलाच तर तो श्रीपाद मेकॅनिक. गाडीच्या पोटात हात घालणारा दुसरा कुणी नव्हता. हिरामण थेट त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिला.

"काय केलंस माझ्या गाडीला? खरं सांग, रागावणार नाही. उलट पाया पडेन."

श्रीपादनं सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसत म्हणाला, "मास्तर, एक एप्रिलला अजून बारा दिवस आहेत."

"आईशप्पथ रे."

"कुणाच्या आईची? गेल्या वर्षी आरटीओची धाड आली अशी थाप मारून तुम्ही मला खाटेखाली झोपवलं. दोन तास. वर बसून चहा पीत होता. तेव्हा माझ्या आईची शपथ घेतली होती."

"ती खोटी होती. ही खरी आहे."

"हेच तर खाटेखाली पण सांगत होता."

तरी त्यानं गाडीखाली शिरून पाहिलं. दांड्या ठोकून पाहिल्या, स्प्रिंगा ओढून पाहिल्या, पेडलं शंभरदा खालीवर केली. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, कंटाळा होता. आणि कंटाळा आलेला माणूस खोटं बोलत नाही, हे हिरामणला धंद्यामुळे ठाऊक होतं.

"काही नाही. म्हातारीचे गुडघे तुमच्यापेक्षा बरे आहेत."

मग हिरामणनं स्वतःची अक्कल लढवली. दुसऱ्या दिवशी निघताना अंजनीचा पावडरचा डबा पळवला आणि डावीकडच्या दोन्ही पेडलांवर पांढरा थर पसरला. दांडीनं पेडल खाली गेलं तर पावडर जशीच्या तशी राहणार. कुणी पायानं दाबलं तर पुसणार. हिशेब सरळ होता.

त्या दिवशी शाळेच्या कोपऱ्यावर पेडलं खाली गेली. गाडी आवरली, थांबली. पोरं रस्ता ओलांडून गेल्याचा कलकलाट त्यानं ऐकला. रस्त्यात असताना ती त्याला दिसली नव्हती. पलीकडे पोचून फुटपाथवर चढली तेव्हा दिसली.

हिरामण उतरला, गाडीला वळसा घालून गेला, डावं दार उघडलं आणि वाकला.

ब्रेकवरची पावडर पुसली गेली होती. पण सगळी नाही. वरच्या बाजूनं, तिरकी. डाव्या सीटसमोर जागा कमी असते, पाय सरळ बसत नाही. तिथं बरीच वर्षं बसलेला माणूस पाय असाच तिरका टाकतो.

आता इथं हिरामणनं जे केलं ते चौथीतला हिरामणही करता ना. त्यानं आपला पाय आत घालून त्या पुसलेल्या जागेवर ठेवून पाहिला. बरोबर बसला. काढला. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आता तिथं आपल्याच चपलेचा ठसा आहे, आणि मघाचा कुणाचा होता हे कधीच कळायचं नाही.

"माझाच असणार," तो स्वतःला म्हणाला. "काल बसलो होतो."

काल पावडर नव्हती.

४

त्या महिन्यात त्याच्याकडे इंदुबाई शिकत होत्या. अंबरनाथला बुद्धविहाराच्या मागच्या आळीत राहायच्या, वय पस्तीसच्या आसपास. त्यांच्या महिला मंडळानं एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीच्या कामगारांना पोळीभाजीचे डबे पुरवायचं काम धरलं होतं. मंडळानं जुना टेम्पोही घेतला होता. पण त्याचा ड्रायव्हर किसन आठवड्यातून तीन दिवस उगवायचा, त्यातले दोन दिवस तर्र. दीडशे डबे गार होऊन परत यायचे. शेवटी बायका म्हणाल्या, आपल्यातलीच एक गाडी शिकेल. आधी छोट्या गाडीचं लायसन, मग टेम्पोचं. इंदुबाईंनी हात वर केला.

आळीतले पुरुष हसले. हिरामण पण हसला, पण तो सगळ्यांनाच हसायचा, त्यामुळे इंदुबाईंना त्याचं काही वाटलं नाही.

"मास्तर, येईल ना मला?"

"त्या शेठला आलं, तुम्हाला का नाही येणार? त्यांना तर डावं-उजवं कळेना. हाताला दोरा बांधला होता मी."

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. रुंद रस्ते ओस पडलेले, भोंगे गप्प, नाकाला तेवढा तो आंबूस वास. शिकवायला असा रस्ता दुसरा नाही. इंदुबाई उजवीकडे, हिरामण डावीकडे, कोपर खिडकीबाहेर. त्या दिवशी त्यानं चपला काढल्या होत्या आणि सीटवर चक्क मांडी घातली होती. बाईंचा हात बसला होता, आणि खरं सांगायचं तर त्या पेडलांजवळ पाय ठेवायला आताशा त्याला नको वाटायचं.

एका कारखान्याच्या बंद फाटकापाशी गाडी आवरली. जरा, मग आणखी जरा. थांबली.

"मस्त!" हिरामण म्हणाला. "लोण्यासारखा मारलात."

"मी कुठं मारला? तुम्ही मारला की. पण बरं झालं, तो कुठून आला कोण जाणे."

"कोण?"

"अहो तो काय सायकलवाला! आत्ता समोरून गेला ना, पांढऱ्या शर्टाचा."

हिरामणनं समोर पाहिलं. रस्ता, ऊन, आणि ऊन. मग दूरवरून सायकलची घंटी ऐकू आली.

"मी नाही दाबला, इंदुबाई. हे बघा, मांडी घातलीय."

इंदुबाईंनी मांडीकडे पाहिलं आणि हसल्या. "आता घातली असेल. मला काय मावशी राग धरून बसलीय म्हणून सांगताय? शेठला सांगा ते."

चोवीस वर्षं ज्यानं "मी नाही दाबला" हे वाक्य थट्टेसाठी वापरलं, त्याला खऱ्यासाठी दुसरं वाक्य कुठून आणायचं? बाईंनीच दाबला असेल, घाबरून, नकळत. दांडी जोडलेली आहे, त्यांनी दाबला की आपल्याकडचं पेडल जाणारच. हे सगळं बरोबर होतं.

पेडलाचं कोडं असं सुटलं. सायकलवाल्याचं नाही सुटलं. एक अख्खा माणूस, सायकलसकट, त्याच्या पुढून दहा हातांवरून गेला होता, आणि हिरामणला तो दिसला नव्हता. त्याला घाम फुटला तो याचा. कुणीतरी आपल्या गाडीत बसतंय, याचं भय एक. आणि त्या कुणाला आपल्यापेक्षा जास्त दिसतंय, याचं भय त्याहून मोठं.

५

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सकाळी आरसेवाली कपाटं रस्त्यावरच उभी असतात. शनिवारी तिथं वाहनं तुंबली. हिरामण एकटाच होता. पुढ्यात एक टेम्पो थांबला होता, त्यात लोखंडी कपाट दोरीनं बांधलेलं, दारावरचा पुरुषभर उंचीचा आरसा मागच्या बाजूला. म्हणजे सरळ मावशीच्या तोंडापुढे.

आरसा जवळ होता. जवळचं त्याला दिसायचं.

बॉनेट दिसलं, वाकलेली नंबरप्लेट दिसली. काच दिसली. काचेमागे हिरामण दिसला. गळ्यात लाल चौकटीचा रुमाल, कोपर खिडकीबाहेर काढलेलं. तो डावीकडे बसला होता.

हिरामणनं आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही स्टिअरिंगवर होते.

पुन्हा वर पाहिलं. आरशातला माणूस हसत नव्हता. हिरामणनं स्वतःचं तोंड भांग पाडताना रोज पाहिलेलं होतं, पण ते नेहमी कसल्या तरी खोडीच्या बेतात असायचं. हे तोंड तसं नव्हतं. अंगणात रांगणाऱ्या पोरावर नजर ठेवून बसलेल्या आजोबाचं असावं, तसं काळजीनं ओढलेलं होतं. तो समोर रस्त्याकडे बघत होता. एकदाही पापणी न लववता.

आणि उजवीकडे, स्टिअरिंगच्या मागे? तिथं काचेवर ऊन पडलं होतं. नुसता पांढरा गोळा. त्यात कुणी होतं की नव्हतं, ते दिसलं नाही.

टेम्पो हलला. आरसा वळला, त्यात आभाळ आलं, गाद्यांचं दुकान आलं. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गिल्ला केला.

"हात् तेच्या!" हिरामण एकदम हसला. इतकं हसला की शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. आरशात उजव्याचं डावं होतं, डाव्याचं उजवं! उजवीकडे बसलेला माणूस आरशात डावीकडेच दिसणार. चौथी नापासालाही हे कळतं. कोपराचं काय, रुमालाचं काय, डोळेच फुटके, त्यांना काय दिसायचं ते दिसलं. दिवसभर तो मजेत होता. संध्याकाळी दोन शिकाऊ गड्यांना त्यानं मावशीच्या रागाची गोष्ट पण सांगितली.

मग दाढीला सलूनमध्ये गेला. दोन खुर्च्या, पुढं भिंतभर आरसा. हिरामण उजवीकडच्या खुर्चीत बसला. डावीकडच्या खुर्चीत ते कापडवाले शेठ आधीच फेस लावून बसले होते.

"क्या मास्टर साईं, मौसी कैसी है?"

हिरामणनं उत्तर द्यायला समोर पाहिलं. आरशात डावीकडे फेस लावलेले शेठ बसले होते. उजवीकडे, आपल्या बरोब्बर समोर, तो स्वतः.

आरसा बाजू बदलत नव्हता. उजवीकडचा उजवीकडेच होता.

"गाल ढिला सोडा, मास्तर," न्हावी म्हणाला. "पातं लागेल."

६

रविवारी तो श्रीपादकडे गेला आणि म्हणाला, "डावीकडची पेडलं काढ."

"काय?"

"काढ. दांड्यांसकट."

"उद्या त्या बाईंची टेस्ट आहे ना? शिकवायच्या गाडीला डबल पेडल नको?"

"टेस्टला डावीकडे साहेब बसतो. साहेबाला कशाला पेडल? तो काय काम करणार आहे?"

श्रीपाद हसला, पाना घेऊन आत शिरला. पेडलं निघायला अर्धा तास लागला. गंजलेले नटबोल्ट एकेक करून सुटत होते आणि हिरामण पाठ फिरवून उभा होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं बोचकं बांधून त्याला ओट्यावर काढून ठेवावं, आणि आपण तिकडे बघू नये, असं काहीसं त्याला वाटत होतं. तळाशी राहिलेल्या फटीत श्रीपादनं फडकी कोंबली आणि पेडलं वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकली.

सोमवारी सकाळी आठला तो इंदुबाईंना घ्यायला निघाला. आरटीओचा कॅम्प कल्याणला होता. गॅसच्या गोदामाच्या वळणावर त्यानं स्वतःच ब्रेक मारला. शाळेच्या कोपऱ्यावरही स्वतःच मारला. सगळं सुरळीत. पेडल त्याच्या पायाखाली होतं, घट्ट, आज्ञाधारक. डावी सीट रिकामी होती. इतक्या वर्षांत ती एवढी रिकामी त्याला कधी वाटली नव्हती.

विहाराच्या रस्त्याला वळला तेव्हा सूर्य समोर आला. काच पांढरी, रस्ता पांढरा. हे त्याला सवयीचं होतं. अशा वेळी तो आठवणीवर चालवायचा. इथं हातपंप, इथं विजेचा खांब, मग इंदुबाईंची आळी. रस्ता मोकळा. त्यानं अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला.

ब्रेक खाली गेला.

त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. ब्रेक आणि क्लच दोन्ही खाली, तळाशी टेकलेले. इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं. गाडी आवरली, आणखी आवरली, थांबली.

डावीकडे पेडलं नव्हती. दांड्या नव्हत्या. फटीत कोंबलेली फडकी तशीच होती.

"आता काय आहे?" हिरामण रिकाम्या सीटवर ओरडला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "काय आहे समोर? काहीच तर नाही!"

बॉनेटवर कुणीतरी दोनदा ठोकलं. ठक. ठक.

मग त्या पांढऱ्या उजेडातून एक हात निघाला. हातात हिरव्या बांगड्या. मग पांढरं लुगडं, निळ्या काठाचं. काठ दिसला म्हणून लुगडं दिसलं, आणि लुगडं दिसलं म्हणून बाई दिसली. इंदुबाई बॉनेटला लागूनच उभ्या होत्या. टेस्टला जायच्या आधी विहारात वंदना करून, पांढरं नेसून, त्याला हात करायला रस्त्यात आल्या होत्या.

"अहो मास्तर, अंगावर घालता की काय!" त्या हसत होत्या, पण एका हातानं गुडघा चोळत होत्या. "गुडघ्याला लागलं बॉनेट. टेस्टच्या दिवशी तरी मस्करी सोडा. पण ब्रेक काय मारलात, व्वा! मला जमेल का असा आज?"

सुटकेचं दार उघडंच होतं. "घाबरलात ना? मुद्दाम केलं," एवढंच म्हणायचं. जन्मभर म्हटलं होतं. बाई हसल्या असत्या, गाडीत बसल्या असत्या, आणि उद्या पुन्हा सकाळी सातला हिरामण पांढऱ्या रस्त्यावरून आठवणीनं गाडी हाकत निघाला असता.

"इंदुबाई," तो म्हणाला, "मला तुम्ही दिसलाच नव्हतात."

"चला, काहीतरीच."

"पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही मला. दोन वर्षं झाली. मोतीबिंदू आहे. त्या दिवशीचा सायकलवाला पण दिसला नव्हता. आणि ब्रेक मी नाही मारला. त्या दिवशी नाही, आज पण नाही."

इंदुबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं, जणू तो कुठं हसतोय ते शोधत होत्या. मग डाव्या खिडकीशी येऊन आत वाकल्या. फटीतली फडकी पाहिली. पेडलांची रिकामी जागा पाहिली. मग मान वर करून डाव्या सीटकडे पाहिलं आणि बराच वेळ तिथंच बघत राहिल्या. हसू कधीच गेलं होतं. त्यांनी पदर सावरला, वडीलधाऱ्या माणसापुढं सावरतात तसा.

"उतरा, मास्तर," त्या हळूच म्हणाल्या. "किल्ली द्या."

हिरामण उतरला. छातीवरचं काहीतरी हललं होतं. "टेस्ट झाली की येताना मला डोळ्यांच्या दवाखान्यात सोडा," तो म्हणाला. "माझ्या भावाचा एक गेला, माझा दुसरा तरी राहील. आणि यापुढं मी उजवीकडे बसलेला दिसलो तर चपलेनं मारा." हाताशी गंमत होतीच, ती आपोआप आली. बॉनेटला धरून धरून त्यानं गाडीला वळसा घातला. "आता आपली ही डावी सीट. मेलो तरी उठणार नाही."

इंदुबाई स्टिअरिंगमागे बसल्या होत्या. वरचा आरसा त्यांनी त्यानंच शिकवल्याप्रमाणे आधी नीट केला. हिरामणनं डाव्या दाराच्या मुठीला हात घातला.

"तिकडं कुठं, मास्तर?" इंदुबाई म्हणाल्या. "मागं बसा. इथं तुम्ही आधीच बसलाय."